माथ्यावरचा जिल्हा : वाशिमच्या भूमीतील झीज आणि भर

वाशिम जिल्ह्याच्या नकाशावरील नद्यांच्या रेषांवरून बोट फिरविले, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. काटेपूर्णा उत्तरेकडे उतरून अकोला जिल्ह्यात जाते. पूस, अरुणावती आणि अडाण या नद्या पूर्वेकडे व आग्नेयेकडे वाहत यवतमाळ जिल्ह्यात शिरतात. बाहेरून येणारी मोठी नदी म्हणजे पैनगंगा. ती बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते, रिसोड तालुक्यातून वाहते आणि पुढे हिंगोली जिल्ह्याच्या सीमेवरून जाते. एवढी एक नदी सोडली, तर जिल्ह्यातील बहुतेक प्रवाह येथेच जन्म घेतात आणि येथून निघून जातात.

याचा अर्थ असा, की वाशिम हा माथ्यावरचा जिल्हा आहे. येथील विहिरी, तलाव आणि शेती यांना लागणारे पाणी बहुतांशी येथेच पडणाऱ्या पावसाचे असते. माथ्यावरून वाहून गेलेली माती परत येत नाही आणि तिची भरपाई करणारा गाळही दुसरीकडून येत नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा हा जिल्हा अस्तित्वात आला. प्रशासकीय सीमा अशा रीतीने माणसाने आखली. परंतु येथील माळ, घाट, खोरी आणि नाले यांची आखणी निसर्गाने कोट्यवधी वर्षे केलेली आहे. ती आखणी समजून घेतल्याखेरीज गावाच्या विकासाचा आराखडा पुरा होऊ शकत नाही.

लाव्हाचा पाया

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तप्त लाव्हारस बाहेर पडला व थरावर थर साचत गेला. दख्खनचे पठार त्यातूनच घडले. आज या खडकाने भारताचा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. सह्याद्रीकडे या थरांची जाडी अधिक असून पूर्वेकडे ती कमी होत जाते, आणि नागपूरच्या आसपास हा खडक संपतो. वाशिम जिल्हा या विस्तीर्ण पठाराच्या पूर्व भागात येतो.

लाव्हाचे सर्व थर सारखे नाहीत. काही थर घट्ट व कठीण आहेत, तर काहींत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या व पुढे त्या पांढऱ्या खनिजांनी भरल्या. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग कुजून कित्येक ठिकाणी तांबड्या मातीचा पातळ थर तयार झाला. विहीर खोदताना कधी काळा फत्तर, कधी ठिसूळ मांजऱ्या खडक, तर कधी गेरूसारखी तांबडी माती लागते, त्याचे कारण हे आहे. कठीण थर टिकतो व मऊ थर लवकर झिजतो; म्हणूनच या भागातील टेकड्यांच्या उतारावर पायऱ्या कोरल्यासारख्या दिसतात. भूशास्त्रज्ञांनी या खडकाला ‘ट्रॅप’ हे जे नाव दिले, तेही पायरी या अर्थाच्या एका स्वीडिश शब्दावरूनच.

एक खडक, दोन हवामाने

खडकापासून माती होण्याच्या क्रियेला अपक्षय असे म्हणतात. दिवसा तापणारा व रात्री निवणारा खडक तडकतो. तड्यांत पाणी शिरते, वनस्पतींची मुळे शिरतात आणि पाण्यातील सौम्य आम्ल खडकातील खनिजांवर कार्य करू लागते. बेसाल्टचा धोंडा कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत जातो. त्याचा प्रथम मुरूम होतो व कालांतराने माती होते.

ही माती कशी होईल, हे मात्र एकट्या खडकावर अवलंबून नसते. रत्नागिरीकडेही मूळ खडक बेसाल्टच आहे. परंतु तेथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस पडतो. त्या पावसाने मातीतील चुना व इतर विद्राव्य घटक धुऊन नेले, लोह व ॲल्युमिनियमचे अंश मागे राहिले आणि तांबडा जांभा तयार झाला. वाशिमकडे वर्षाकाठी साधारणपणे ७५० ते ९५० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक चार महिन्यांतच पडतो. एवढ्या पावसाने चुना पूर्णपणे वाहून जात नाही. त्यामुळे येथे पाणी धरून ठेवणारी, चिकण कणांची काळी माती तयार झाली. एकाच खडकापासून कोकणात जांभ्याचा सडा आणि वऱ्हाडात काळे रान, हा फरक हवामानाने घडविला.

माथा, उतार आणि खोरे

अपक्षयाने सुटलेले कण पाणी उचलते, पुढे नेते आणि वेग मंदावला की टाकून देते. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात याला खनन, वहन व संचयन असे म्हटले आहे; शेतकऱ्याच्या भाषेत ही झीज आणि भर होय. वाशिम जिल्ह्यातील प्रत्येक गावच्या शिवारात या क्रियांनी घडविलेले तीन वेगवेगळे प्रदेश आढळतात.

पहिला प्रदेश माथ्याचा. येथे झीज होते, भर होत नाही. मातीचा थर वीतभर किंवा त्याहूनही कमी असतो व खाली लगेच मुरूम लागतो. ही बरड जमीन पाणी फार काळ धरीत नाही. पावसात आठपंधरा दिवसांचा खंड पडला की पिके प्रथम येथे माना टाकतात. तरी ही जमीन निकामी समजणे चुकीचे ठरेल. उथळ मातीवर मोठी झाडे फारशी वाढत नाहीत, पण गवत चांगले वाढते. कारंजा तालुक्यातील सोहोळ परिसराचे गवताळ माळ हे याचे उत्तम उदाहरण. काळविटांचा वावर असलेल्या या सुमारे १८ चौरस किलोमीटर क्षेत्राला २००० साली अभयारण्याचा दर्जा देण्यात आला.

दुसरा प्रदेश उताराचा. येथे पाण्याला वेग येतो. प्रथम पातळ थराने माती सुटते, नंतर बोटभर ओघळी पडतात, त्या एकत्र येऊन नाली होते व अखेर बैलजोडी ओलांडू शकणार नाही अशी घळ तयार होते. उताराची तीव्रता व लांबी वाढत जाईल, तशी पाण्याची माती वाहून नेण्याची शक्तीही वाढते.

तिसरा प्रदेश खोऱ्याचा. पैनगंगेच्या व इतर नद्यांच्या काठी पाण्याचा वेग कमी होऊन गाळ साचला आणि कसदार, खोल काळी जमीन तयार झाली. हीच जमीन अतिवृष्टीत चिबडते, नदीकाठी खचते किंवा पुराने खरडून जाते. तेव्हा माथ्यावर पाण्याचा तुटवडा आणि खोऱ्यात पाण्याचा निचरा, असे दोन परस्परविरोधी प्रश्न एकाच गावात व एकाच हंगामात उद्भवू शकतात. दोहोंवर एकच उपाय चालणार नाही, हे उघड आहे.

घाटावर आणि घाटाखाली

जुन्या वऱ्हाडात प्रदेशाचे दोन भाग मानले जात. पूर्णा नदीचे सखल खोरे तो पयानघाट आणि अजिंठ्याच्या रांगेवरील उंच पठार तो बालाघाट. अकोला शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंचीवर आहे, तर वाशिम सुमारे ५५० मीटरांवर. पातूरहून मेडशीकडे येणारा घाटरस्ता चढताना हा फरक प्रवाशास प्रत्यक्ष जाणवतो.

या कड्यामुळे एक महत्त्वाचा जलविभाजक निर्माण झालेला आहे. काटेपूर्णेने नेलेले वाशिमचे पाणी पूर्णेला, पूर्णेतून तापीला व शेवटी अरबी समुद्राला मिळते. थोड्याच अंतरावर दक्षिणेकडील उतारावर पडलेले पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता व गोदावरी या मार्गाने बंगालच्या उपसागरात जाते. पावसाच्या एकाच सरीचे थेंब अशा रीतीने दोन समुद्रांची वाट धरतात.

घाटाखाली उतरलेल्या नद्यांचा उतार एकदम कमी होतो व त्यांनी आणलेला गाळ पसरतो. पूर्णेच्या खोऱ्यात असा गाळ काही ठिकाणी शंभर मीटरांहूनही कितीतरी अधिक खोल आहे. मात्र जेथे जमीन जवळजवळ सपाट, निचरा मंद आणि बाष्पीभवन अधिक, तेथे विद्राव्य क्षार साचून राहतात. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतील खारपाणपट्टा हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे जमीन खोल आहे, भूजलही आहे; पण बऱ्याच ठिकाणी ते पिण्यास वा ओलितास योग्य नाही. म्हणूनच काटेपूर्णेवरील महान येथील धरणाचे महत्त्व फार मोठे. अकोला शहराला पिण्याचे पाणी या धरणातून मिळते. त्या धरणात येणाऱ्या पाण्याचा एक भाग वाशिम जिल्ह्यातील डोंगराळ भागावर पडलेला असतो. येथील उतारावरची माती सुटली, तर तिचा गाळ घाटाखालच्या जलाशयात जाऊन साचणार, हा संबंध विसरून चालणार नाही.

झीज ही नेहमीच हानिकारक असते, असेही नाही. अजिंठ्याच्या रांगेत वाघोरा नदीने बेसाल्टमध्ये नालेच्या आकाराची दरी कोरली नसती, तर तेथील जगप्रसिद्ध लेण्यांना उभा कडा मिळाला नसता. या लेण्यांचा वाशिमशी निकटचा संबंध आहे. वाशिम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म. ते वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते आणि त्या शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले, असे तेथील शिलालेखावरून कळते.

क्षणात घडलेला खड्डा

सर्वच भूरूपे संथपणे घडतात असा समज होऊ नये, यासाठी शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारकडे पाहणे उपयुक्त ठरेल. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तेथील खड्डा नदीने कोरलेला नाही, की ज्वालामुखीने उघडलेला नाही. अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने तो बेसाल्ट खडकात तयार झाला. या घटनेच्या काळाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. एका पद्धतीने तो सुमारे ५० हजार, तर दुसऱ्या पद्धतीने ५ लाखांहून अधिक वर्षांपूर्वीचा येतो. खड्ड्यातील पाण्याला बाहेर जाण्यास वाट नसल्यामुळे क्षार साचून सरोवर खारे झाले. २०२० साली या सरोवराचा रामसर यादीत समावेश करण्यात आला. खड्डा क्षणार्धात झाला. परंतु त्या क्षणापासून त्याच्या कडा झिजविण्याचे व तळ भरून काढण्याचे काम पावसाने सुरू केले, ते आजही चालू आहे.

निसर्गाचा वेग आणि माणसाचा वेग

एक सेंटिमीटर जाडीची माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. नैसर्गिक स्थितीत गवत व झाडोरा असेल, तर झीज आणि नवी माती यांचा मेळ बऱ्याच अंशी राखला जातो. झाडोरा गेला, उताराच्या दिशेने नांगरट व पेरणी झाली, की हा मेळ बिघडतो.

काळ्या मातीचा स्वभाव येथे लक्षात घ्यावा लागेल. उन्हाळ्यात ही माती आकसून तिला रुंद भेगा पडतात. मृगाचे पहिले पाणी या भेगांतून खोल जाते. परंतु माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतर जोराचा पाऊस आला तर पाणी मुरण्याऐवजी पृष्ठभागावरून धावू लागते. हाच काळ पेरणीचा असतो. सोयाबीन व तूर यांची रोपे लहान असतात, ओळींमधील जमीन उघडी असते, आणि पावसाचा प्रत्येक टपोरा थेंब मातीची ढेकळे फोडून कण मोकळे करीत असतो.

हिशेब साधा आहे. एक हेक्टर शेतातून केवळ एक मिलिमीटर मातीचा थर गेला, तर दहा घनमीटर, म्हणजे सुमारे बारा ते तेरा टन माती गेली. डोळ्यांना हा फरक दिसतही नाही. पाण्याचा हिशेबही असाच. एका हेक्टरवर दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लाख लिटर पाणी पडते. वर्षात ८०० मिलिमीटर पाऊस झाला, तर हेच पाणी ८० लाख लिटर होते. बेसाल्ट खडकात पाणी मुख्यत्वे वरच्या मुरुमात व खडकाच्या सांधे-भेगांत साठते. ही साठवण उथळ व मर्यादित असते. म्हणून भरपूर पावसाच्या वर्षानंतरही फेब्रुवारी-मार्चमध्ये विहिरी तळ गाठू लागतात. टंचाईचे मूळ पावसाच्या कमतरतेत असते तितकेच ते पाणी फार लवकर निघून जाण्यातही असते.

माथ्यापासून पायथ्यापर्यंत

या साऱ्या विवेचनातून ग्रामपंचायतीने घ्यावयाचा बोध एका वाक्यात सांगता येईल : ज्या क्रमाने पाणी उतरते, त्याच क्रमाने कामे हाती घ्यावीत.

माथ्यावर गवत व स्थानिक झाडांचे आच्छादन, चराईवर नियंत्रण आणि सलग समतल चर यांना प्राधान्य द्यावे. उतारावरच्या शेतांत ढाळीचे बांध, उताराला आडवी मशागत आणि रुंद वरंबा-सरी पद्धतीची पेरणी यांचा उपयोग होतो. रुंद वरंबा-सरीमुळे पावसाच्या खंडात ओल टिकते व अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून निघून जाते. सोयाबीनसारख्या पिकाला हे दोन्ही हितकारक आहे. ओघळींवर लहान दगडी बांध, त्याखाली माती नाला बांध आणि सर्वांत खाली सिमेंट बंधारे, असा क्रम असावा. खोऱ्यात नदीकाठचे गवत व झाडे राखणे आणि निचऱ्याचे नैसर्गिक मार्ग मोकळे ठेवणे अगत्याचे आहे. नाल्याच्या पात्रात अतिक्रमण झाले, तर पाणी दुसरी वाट काढते, आणि ती वाट बहुधा कोणाच्या तरी शेतातून किंवा घरातून जाते.

क्रम उलटा केल्यास काय होते, हे अनेक ठिकाणी पाहावयास मिळते. माथा व उतार तसेच सोडून पायथ्याशी प्रथम बंधारा बांधला, तर वरची माती येऊन तो थोड्याच वर्षांत गाळाने भरतो. बांधकामाचा खर्च होतो, पाण्याचा साठा मात्र वाढत नाही.

महाराष्ट्राला या कामाचा दीर्घ अनुभव आहे. १९७२ च्या दुष्काळात मृद्संधारणाच्या कामांनी लाखो हातांना रोजगार दिला. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. १९८३ मध्ये सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकासाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियानाची घोषणा झाली व २०२३ मध्ये त्याचा दुसरा टप्पा सुरू झाला. हवामानबदलाशी जुळवून घेणारी शेती हा उद्देश ठेवून २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात वाशिमचाही समावेश होता. २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचे तत्त्व तर या लेखाच्या विषयाशी थेट जुळते. माथ्यावरून झिजून जलाशयात साचलेली माती उचलून पुन्हा बरड शेतात नेणे, म्हणजे निसर्गाने केलेली भर झीज झालेल्या ठिकाणी परत करणे होय. योजनांची नावे काळानुरूप बदलली. पाणी माथ्यापासून पायथ्याकडे वाहते, हा नियम बदललेला नाही.

शाळेसाठी एक पाठ

हा विषय शिकविण्यासाठी शिक्षकांना महागड्या साधनांची आवश्यकता नाही. गावच्या माथ्यावरची, मधल्या उतारावरची आणि नाल्याकाठची अशी तीन ठिकाणची माती आणावी. तीन सारख्या काचेच्या बरण्यांत ती समप्रमाणात घालून पाणी भरावे, ढवळावे व बरण्या एक दिवस स्थिर ठेवाव्यात. तळाशी खडे व वाळू, त्यावर पोयटा आणि सर्वांत वर चिकण माती असे थर बसतील. तिन्ही बरण्यांतील थरांची जाडी पट्टीने मोजून विद्यार्थ्यांनी वहीत नोंदवावी. माथ्याच्या बरणीत खडे का अधिक आणि नाल्याकाठच्या बरणीत बारीक कण का अधिक, या प्रश्नाचे उत्तर शोधताना खनन, वहन व संचयन हे तिन्ही शब्द त्यांना आपोआप कळतील.

दुसरा प्रयोग पावसाळ्यातला. गवताळ जागेवरून वाहणारे आणि उघड्या शेतातून वाहणारे पाणी एकाच सरीनंतर दोन बाटल्यांत भरावे. दोन्ही पाण्यांचा रंग शेजारी शेजारी ठेवून पाहिला, की मृद्संधारणाविषयी वेगळे व्याख्यान देण्याचे कारण उरत नाही. या बाटल्या व शिवारफेरीत मुलांनी काढलेला गावाचा उतारदर्शक नकाशा ग्रामसभेपुढे मांडल्यास ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करताना सदस्यांनाही त्याचा निश्चित उपयोग होईल.

२०११ च्या जनगणनेनुसार वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ १२ लाख होती आणि त्यातील फार मोठा वर्ग शेतीवर उपजीविका करणारा आहे. २०१८ साली केंद्र शासनाने देशातील जे आकांक्षित जिल्हे निश्चित केले, त्यांत महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत वाशिमचा समावेश झाला. या जिल्ह्याला मोठी नदी पाणी आणून देणार नाही व दुसऱ्या प्रदेशाचा गाळ त्याचे माळ सुपीक करणार नाही. येथील वीतभर माती आणि चार महिन्यांचा पाऊस, हेच त्याचे मूळ भांडवल आहे. धावणाऱ्या पाण्याला माथ्यावरच चालावयास लावणे आणि चालणाऱ्या पाण्याला उतारावर थांबविणे, एवढे काम प्रत्येक गावाने आपापल्या शिवारात केले, तर ते भांडवल पुढील पिढ्यांच्या हाती शाबूत राहील.